जर्नलचा चार्ज कसा द्यावा: वार्धक्यशास्त्राच्या शोधपत्रिकेचं संपादकपद सोपवताना

सरकारी कचेरीत बदली झाली की चार्ज देणं-घेणं होतं. कपाटाच्या किल्ल्या, डेड स्टॉक रजिस्टर, प्रलंबित फायलींची यादी आणि खाली दोघांच्या सह्या. प्राध्यापक मंडळींना हे सगळं कारकुनी वाटतं. म्हणून आपल्याकडे जर्नलचा संपादक बदलतो तो शाल-श्रीफळ देऊन, आणि दुसऱ्या दिवशी 'यापुढे पेपर मॅडमकडे पाठवावेत' अशी एक ओळ सगळ्यांना मेल करून. पुढचं वर्षभर लेखक जुन्या सरांना फोन करत राहतात आणि मॅडम जुन्या मेल उकरत बसतात.

वार्धक्यशास्त्रावरच्या एका छोट्या इंग्रजी सहामाही जर्नलचा मी आठ वर्षं संपादक होतो. चार्ज घेताना मला एक पेन ड्राइव्ह आणि दोन पिशव्या मिळाल्या. पिशव्यांत जुने अंक. पेन ड्राइव्हमध्ये 'फायनल', 'फायनल २' आणि 'फायनल खरंच' अशा तीन फोल्डरांत थोड्याफार फरकानं तेच पेपर. चार्ज देताना मात्र माझ्यानंतर आलेल्या बाईंनी आणि मी सात महिने घेतले. खाली लिहिलंय ते बहुतेक त्या सात महिन्यांतलं आहे.

मला उशिरा कळलेली गोष्ट आधीच सांगतो. संपादक दिवसभर शब्द देत असतो. 'दोन महिन्यांत कळवतो.' 'पुढच्या अंकात घेऊ.' 'तुमचं नाव लेखकाला कळणार नाही,' हे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाला, म्हणजे रिव्ह्यूअरला. पद सोपवायचं म्हणजे हे दिलेले शब्द सोपवायचे. त्यामानानं पासवर्ड सोपे.

पहिली पायरी: मालक कोण ते पाहा

बऱ्याच संपादकांना वाटतं जर्नल आपलं आहे. दहा-पंधरा वर्षं रात्री जागून अंक काढले की तसं वाटणं साहजिक आहे. पण शीर्षक असतं संस्थेचं किंवा प्रकाशकाचं. भाषाशास्त्रातल्या 'लिंग्वा' या नामवंत जर्नलचं संपूर्ण संपादक मंडळ २०१५ मध्ये एल्सेविअर या प्रकाशकाशी मतभेद होऊन बाहेर पडलं. त्यांनी 'ग्लोसा' नावाचं नवं जर्नल काढलं, पण 'लिंग्वा' हे नाव प्रकाशकाकडेच राहिलं. मंडळ गेलं, पाटी राहिली.

तेव्हा नियुक्ती कोण करणार, हे घटनेत किंवा करारात शोधा. कार्यकारिणीचा ठराव हवा आणि नव्या संपादकाच्या हातात नेमणुकीचं पत्र हवं. पत्रात कार्यकाळ, सुरुवातीची तारीख, मानधन असेल तर किती, पेपर घ्यायचा की नाही याचा अंतिम अधिकार कुणाचा, आणि मुदतीआधी काढायचं झालं तर कोणत्या रीतीनं, एवढं असावं. 'अंतिम अधिकार' हे वाक्य संकोचून गाळू नका. अध्यक्षांच्या भाच्याचा पेपर आला की तेच कामाला येतं.

संस्था महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल आणि संपादक पदसिद्ध म्हणून कार्यकारिणीवर असेल, तर एक काम हमखास विसरतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम २२ प्रमाणे अशा बदलाचा चेंज रिपोर्ट ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. संपादक कार्यकारिणीवर नसेल तर हा प्रश्न येत नाही. जर्नलच्या बँक खात्यावर मात्र जुन्या संपादकाची सही असतेच. ती बदलायला ठराव, केवायसी आणि बँकेच्या तीन फेऱ्या धरून चाला.

नवा संपादक आला म्हणून आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, बदलत नाही. तो शीर्षकाला दिलेला असतो. शीर्षकातच मोठा बदल केला तर नवा घ्यावा लागतो, आणि छापील व ऑनलाइन आवृत्तीचे क्रमांक वेगळे असतात. नव्या संपादकाला उत्साहाच्या भरात नाव बदलावंसं वाटत असेल तर त्यांना हे आधी सांगा. आणखी एक प्रश्न मला दोन-तीन जणांनी विचारला: संपादक बदलल्याचं प्रेस रजिस्ट्रारला कळवायचं का? १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या आणि १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात नियतकालिकाच्या व्याख्येतून शास्त्रीय, तांत्रिक आणि शैक्षणिक स्वरूपाची जर्नल्स वगळली आहेत. तुमच्या जर्नलनं पूर्वी आरएनआयचा, म्हणजे वृत्तपत्र निबंधक कार्यालयाचा, नोंदणी क्रमांक घेतलेला असेल तर तो कागद फायलीत लावून ठेवा आणि पुढचं वकिलाला विचारा.

दुसरी पायरी: तारीख आणि माणूस

तारीख नव्या वर्षाच्या, म्हणजे नव्या व्हॉल्यूमच्या पहिल्या अंकाशी बांधा. एकाच व्हॉल्यूममध्ये दोन संपादकांची नावं आली तरी काही बिघडत नाही, पण संदर्भ देणाऱ्यांचा आणि ग्रंथपालांचा गोंधळ होतो. त्याआधी सहा महिने नियोजित संपादकानं सोबत काम करावं. या काळात त्यांना सगळं दिसावं, निर्णय मात्र जुन्या संपादकाचा.

माणूस निवडताना आपल्या विषयाची एक अडचण लक्षात ठेवा. वार्धक्यशास्त्र हा एक विषय नाही, ती धर्मशाळा आहे. पेशी म्हाताऱ्या का होतात हे शोधणारा जीवशास्त्रज्ञ, जेरिअॅट्रिक्सचा, म्हणजे वृद्धांच्या आजारांचा, डॉक्टर, लोकसंख्याशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ, नर्सिंगच्या बाई, वृद्धाश्रमांवर काम करणारी समाजकार्याची विद्यार्थिनी असे सगळे तिथं उतरतात. अमेरिकेतल्या जेरोन्टॉलॉजिकल सोसायटीनं १९४६ मध्ये 'जर्नल ऑफ जेरोन्टॉलॉजी' सुरू केलं ते एकच होतं. पुढे १९९५ मध्ये त्याच्या दोन मालिका झाल्या: 'ए'मध्ये जीवशास्त्र आणि वैद्यक, 'बी'मध्ये मानसशास्त्र आणि समाजशास्त्र. आपल्या दीडशे पानांच्या अंकाला अशी फाळणी परवडत नाही. म्हणून जुना संपादक समाजशास्त्राचा आणि नवा डॉक्टर असेल, तर सहसंपादक समाजशास्त्राकडचाच घ्या. नाहीतर वर्षभरात मुलाखतींवर आधारलेले पेपर 'नमुना लहान आहे' म्हणून परत जायला लागतात.

तिसरी पायरी: हातातल्या पेपरांचा ताळेबंद

सगळा जीव इथं आहे, म्हणून इथं रेंगाळतो.

एक साधी एक्सेल शीट पुरते. कॉलम सात: पेपर क्रमांक, लेखकाचं आडनाव, कधी आला, आता कुठल्या टप्प्यावर आहे, कुणाकडे आहे, आपण काय कबूल केलंय, पुढचं काम आणि त्याची तारीख. पहिले पाच कॉलम सॉफ्टवेअरमधून निघतात. सहावा फक्त तुमच्या डोक्यात असतो. आमच्या शीटमधल्या तीन ओळी, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, देतो.

पेपर ४१, एकट्या राहणाऱ्या विधवांच्या पेन्शनवरचा. दुसरी फेरी. एक रिव्ह्यू आला, दुसऱ्या रिव्ह्यूअरनं मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे तीन आठवडे मागितलेत. कबूल केलंय: लेखिकेचा व्हायवा जवळ आहे, 'जूनअखेर होय की नाही ते नक्की कळवतो' असं फोनवर सांगितलं. पुढचं काम: १५ जूनला आठवण, २५ जूनला दुसरा रिव्ह्यू नसला तरी निर्णय.

पेपर ४६, पडण्याच्या भीतीवरचा, फिजिओथेरपीचा. स्वीकारलेला. कबूल केलंय: दोन आलेख रंगीत छापू. छापील अंकात रंग परवडत नाही, ऑनलाइन तेवढा रंगीत मिळेल, हे लेखकाला अजून सांगितलेलं नाही.

पेपर ३८. चौदा महिने पडून. तीन रिव्ह्यूअरनी नकार दिला, चौथ्याला पाठवायचं राहिलं. कबूल केलंय: काहीच नाही. लेखकानं दोनदा विचारलं, मी उत्तर दिलं नाही.

ही तिसरी ओळ लिहायला मला दोन दिवस लागले. असे पेपर प्रत्येक संपादकाकडे असतात आणि चार्ज देताना ते नव्या माणसाच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचा मोह होतो. तसं करू नका. सहा महिन्यांपेक्षा जुना आणि हललेला नाही असा प्रत्येक पेपर जुन्या संपादकानं स्वतः निकालात काढायचा. माफीचं पत्रही त्याच्याच नावानं जायला हवं. नव्या संपादकाची पहिली ओळख कुणाच्याही मनात 'चौदा महिन्यांनी नकार कळवणाऱ्या बाई' अशी होऊ नये.

सहावा कॉलम भरायची युक्ती: सेन्ट मेलमध्ये मागच्या दोन वर्षांत 'नेक्स्ट इश्यू', 'शुअर', 'आय विल' हे शब्द टाकून शोधा. मग व्हॉट्सअॅपमध्ये 'बघतो', 'करू', 'नक्की' शोधा. मी दिलेले अकरा शब्द सापडले, जे मी साफ विसरलो होतो. एका परिषदेच्या आयोजकांना विशेषांकाचं अर्धंमुर्धं आश्वासन दिलेलं होतं. एका निवृत्त प्राध्यापकांना सल्लागार मंडळावर घेऊ म्हटलं होतं. एका ग्रंथपरीक्षणासाठी पुस्तक मागवून घेतलं होतं आणि ते पुस्तक माझ्याच टेबलावर होतं. यातलं काय पाळायचं, काय नम्रपणे मोडायचं, हे दोघांनी बसून ठरवावं. मोडायचं असेल तर जुन्या संपादकानं फोन करावा.

स्वीकारलेल्या पेपरांचा साठाही मोजा, पानांत. एक पूर्ण अंक तयार असावा म्हणजे नव्या माणसाला श्वास घेता येतो. दोन अंकांपेक्षा जास्त साठा सोडू नका. तो तुम्हाला उपकार वाटतो, पण नव्या संपादकाला दीड वर्ष स्वतःच्या निवडीचा एकही पेपर छापता येत नाही.

चौथी पायरी: सीमारेषा

एक तारीख धरा. त्या तारखेनंतर नव्यानं आलेला पेपर नव्या संपादकाचा. त्याआधी आलेला आणि दुरुस्तीसाठी लेखकाकडे गेलेला पेपर परत आला की जुन्याचा, पण फार तर सहा महिने. त्यानंतरही राहिला तर नव्याकडे. आलेला पण रिव्ह्यूला न गेलेला पेपर सरळ नव्याकडे द्यावा, निम्मं काम करून देऊ नये.

स्वीकारलेला पेपर मात्र स्वीकारलेलाच. प्रकाशनातल्या नीतिमत्तेबाबत जगभर जिचं मार्गदर्शन मानलं जातं त्या 'कोप' या ब्रिटनमधून सुरू झालेल्या समितीनं संपादकांसाठी हे स्पष्ट लिहून ठेवलंय: आधीच्या संपादकानं छापायचा ठरवलेला पेपर, गंभीर दोष आढळल्याशिवाय, नव्या संपादकानं फिरवू नये. 'मला नाही आवडला' हा गंभीर दोष नव्हे. चौर्य, बनावट आकडे, नैतिक मंजुरी नसणं, हे गंभीर.

नव्या संपादकाचा स्वतःचा पेपर आपल्याच जर्नलमध्ये रिव्ह्यूला असणं ही छोट्या क्षेत्रात नेहमीची गोष्ट आहे. नेमणूक होते तीच मुळी त्यांनी जर्नलमध्ये पुष्कळ लिहिलंय म्हणून. तो पेपर शेवटपर्यंत जुन्या संपादकाकडे किंवा एखाद्या त्रयस्थ सदस्याकडे ठेवा. आणि फक्त तोंडी ठरवू नका. एकाच लॉगिनला लेखक आणि संपादक अशा दोन्ही भूमिका मिळाल्या की रिव्ह्यूअरची नावं दिसत नाहीत ना, हे त्यांच्याच स्क्रीनवर एकदा तपासा. त्यांच्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांच्या पेपरांनाही हाच नियम.

पाचवी पायरी: किल्ल्या

आमच्या वेबसाइटचं डोमेन एका संशोधक विद्यार्थ्याच्या खासगी मेलवर नोंदलेलं होतं. त्यानं आठ वर्षांपूर्वी हौसेनं, स्वतःच्या पैशानं घेतलेलं. तो परदेशी गेला, जुना मेल वापरेनासा झाला, नूतनीकरणाची पत्रं त्या मेलवर येऊन पडत राहिली. ऐन अंकाच्या आठवड्यात साइट बंद. नशीब म्हणून ते डोमेन दुसऱ्या कुणी उचललं नाही. सुटलेली डोमेनं विकत घेऊन त्यावर खोटं जर्नल थाटणारे आणि लेखकांकडून पैसे उकळणारे लोक आहेत. तेव्हा डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या मेलवर, शक्यतो पाच वर्षांचे पैसे एकदम भरून.

बाकी किल्ल्या: होस्टिंग, जर्नल चालवण्याच्या सॉफ्टवेअरचं अॅडमिन लॉगिन, डीओआयसाठी (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) क्रॉसरेफ या नोंदणी संस्थेचं खातं, डीओएजे या खुल्या जर्नलांच्या सूचीत नोंद असेल तर तिथलं खातं, जर्नलचा मेल, छापखान्याचा संपर्क आणि दर, टपालाची यादी. प्रत्येक किल्ली दोन माणसांकडे असावी, त्यातला एक संपादक नसावा. संस्थेचा सचिव चालेल.

ओपन जर्नल सिस्टम्स हे सॉफ्टवेअर, म्हणजे आपलं ओजेएस, वापरत असाल तर तीन ठिकाणी बघा. एक, बॅकअप. नुसता डेटाबेस उतरवून घेतला तर लेखकांनी चढवलेल्या फायली त्यात नसतात, त्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. दोन्ही घ्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. दोन, 'प्रिन्सिपल काँटॅक्ट' आणि मेलखालची सही. ती बदलली नाही तर नवा संपादक सहा महिने जुन्याच्या नावानं स्मरणपत्रं पाठवत राहतो. तीन, ओजेएस बनवणाऱ्या कॅनडातल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टची अंक कायमचे जतन करण्याची मोफत सोय आहे, ती चालू आहे का. नसेल तर चार्ज देण्याआधी चालू करा.

साइट नव्या पत्त्यावर हलवायची असेल तर क्रॉसरेफला प्रत्येक पेपरचा नवा पत्ता कळवावा लागतो. डीओआय आपोआप कुठं जात नाही. तो तुम्ही सांगाल तिथंच नेतो, आणि सांगितलं नाही तर रिकाम्या पानावर.

वाङ्मयचौर्य तपासण्याचं सॉफ्टवेअर ही फसवी किल्ली आहे. पुष्कळ ठिकाणी संपादक आपल्या विद्यापीठाला मिळालेली, विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या 'शोधशुद्धी' योजनेतली सोय जर्नलसाठीही वापरून घेतो. ती विद्यापीठाची आहे. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या संस्थेतल्या संपादकाकडे जर्नल गेलं की ती तिथंच संपते. नव्या संपादकाकडे काय सोय आहे हे आधी विचारा.

सहावी पायरी: रिव्ह्यूअरांची वही

रिव्ह्यूअरनं नाव गुप्त राहील या भरवशावर मत दिलेलं असतं. तो भरवसा जर्नलवर असतो, म्हणून नव्या संपादकाला त्या नोंदी बघायचा हक्क आहे. पण जुन्या संपादकाला त्या घरी नेऊन ठेवायचा हक्क नाही. खासगी जीमेलवर आठ वर्षं साठलेला पत्रव्यवहार सरसकट फॉरवर्ड करू नका. पेपरवार निवडून जर्नलच्या मेलवर हलवा आणि ठरलेल्या तारखेला स्वतःकडचा काढून टाका.

वहीत कोणाची तज्ज्ञता कशात, किती दिवसांत उत्तर येतं, वर्षातून किती पेपर झेपतात, हे लिहा. 'खडूस' लिहू नका. 'संख्याशास्त्रावर बारीक नजर, भाषा तिखट, लेखकाला पाठवण्याआधी सौम्य करावी' असं लिहा. त्या व्यक्तीनं वाचलं तरी चालेल, हीच फूटपट्टी.

आपल्या क्षेत्रात एक जास्तीची गोष्ट आहे. आपले उत्तमोत्तम रिव्ह्यूअर सत्तरी-पंचाहत्तरीचे आहेत. निवृत्तीनंतर त्यांना वेळ असतो आणि ते पानभर लिहितात. आमच्या सॉफ्टवेअरनं एका ज्येष्ठ प्राध्यापकांना लागोपाठ तीन स्मरणपत्रं पाठवली. तिसऱ्याला त्यांच्या मुलाचं उत्तर आलं: बाबा फेब्रुवारीत गेले, पेपर त्यांच्या टेबलावर अर्धा खुणा केलेला आहे, स्कॅन करून पाठवू का? त्या पत्राला सॉफ्टवेअरमध्ये उत्तराचा नमुना नव्हता. तेव्हापासून चार्ज देण्याआधी रिव्ह्यूअरांच्या यादीवर प्रत्येक नावापुढे एक फोन, हा नियम. तेच सल्लागार मंडळाचं. वारलेल्या आणि न विचारता घातलेल्या लोकांची नावं वेबसाइटवर असणं ही लबाड जर्नलांची पहिली खूण मानली जाते. आपण फक्त आळशी होतो हे बाहेरच्याला कसं कळणार?

सातवी पायरी: डोक्यातले नियम कागदावर

लेखकांसाठीच्या सूचना वेबसाइटवर असतात. पण संपादक चालतो त्याच्या सवयींवर. त्या लिहून काढा, चार पानं पुरतात. वार्धक्याच्या जर्नलमध्ये या बाबी त्यात असाव्यात असं मला वाटतं.

वय. भारतात कायद्यानं ज्येष्ठ नागरिक म्हणजे ६० वर्षं पूर्ण, पाश्चात्त्य अभ्यासांत बऱ्याचदा ६५. आणि 'लासी' हा वार्धक्यावरचा आपल्याकडचा मोठा सर्वेक्षण-संच सुरू होतो ४५ पासून. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये त्याची पहिली फेरी घेतली, ७२,००० हून अधिक लोकांची. पेपरमध्ये नुसतं 'वृद्ध' लिहिलं असेल तर कोणत्या वयापासून, हे पहिल्याच परिच्छेदात मागायचं, हा आमचा नियम.

'लासी'चे आकडे संशोधकांना मिळतात ही फार चांगली गोष्ट झाली. पण त्यामुळे एकाच साच्याचे पेपर ढिगानं येतात: एक आजार, एक सामाजिक घटक, त्यांचा संबंध, शेवटी 'धोरणकर्त्यांनी लक्ष द्यावे'. नव्या संपादकाला सांगून ठेवा की तुम्ही यातले काय घेत होता, काय दारातून परत पाठवत होता आणि का. त्यांनी तेच करावं असं नाही. पण लेखकांना तुमची सवय लागलेली असते.

भाषा. इंग्रजीत 'द एल्डरली' असा सरसकट शब्द टाळून 'ओल्डर अॅडल्ट्स' लिहावं असं अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या शैलीपुस्तिकेचं म्हणणं आहे, आणि आमच्याकडे ते पाळलं जातं. मराठीत सारांश छापत असाल तर तिथंही ठरवा. 'म्हातारे' चालत नाही, 'ज्येष्ठ नागरिक' सरकारी वाटतं, 'वृद्ध' म्हटलं तर साठीचे लोक नाराज होतात. आम्ही 'ज्येष्ठ व्यक्ती'वर थांबलो. फार समाधान नाही, पण दर अंकाला वाद होत नाही.

संमती. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची संमती कुणी दिली, आणि ती कायद्यानं मान्य प्रतिनिधीची आहे का, हे विचारल्याशिवाय पेपर पुढं सरकवू नये. आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी हाताशी ठेवा. वृद्धाश्रमात घेतलेल्या मुलाखतींत 'व्यवस्थापकांनी परवानगी दिली' असं असतं. ती परवानगी इमारतीत शिरण्याची. आजीची संमती आजीनंच द्यायची असते.

आणि एक अगदी व्यवहारातली गोष्ट. लेखकांचा पहिला प्रश्न असतो, 'केअरमध्ये आहे का?' पुण्यातल्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात जिचं काम चालायचं ती यूजीसी-केअर ही मान्य जर्नलांची यादी विद्यापीठ अनुदान आयोगानं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. तरी कितीतरी जर्नलांच्या पहिल्या पानावर त्या यादीचा शिक्का आहे. चार्ज घेतल्यावर पहिल्या दिवशी तो उतरवा.

आठवी पायरी: अडचणीची फाइल

हिच्याबद्दल कुणी बोलत नाही. चौर्याची अर्धवट चौकशी झालेली तक्रार, लेखकांच्या नावांच्या क्रमावरून भांडण, चार वर्षांपूर्वीच्या अंकातला चुकीचा तक्ता ज्याची दुरुस्ती छापायची राहिली. जुन्या संपादकाला वाटतं, सांगितलं तर आपलीच शोभा. पण तक्रारदार थांबत नाही, तो नव्या संपादकाला पहिल्याच महिन्यात गाठतो, आणि त्यांना आधीचं काहीच माहीत नसतं.

प्रत्येक प्रकरणाचं एक पान करा: काय आरोप, कोणाकडून, कधी, आपण काय केलं, काय केलं नाही, पुरावा कुठं आहे. मत लिहू नका, घटना लिहा. हे पान तोंडी समजावूनही सांगा, समोरासमोर. जी दुरुस्ती छापणं तुमच्या काळातलं देणं आहे ती तुमच्या शेवटच्या अंकात तुमच्या नावाखाली छापा.

नववी पायरी: कळवणं

कळवण्याचा क्रम असा ठेवा: आधी संपादक मंडळ, मग ज्यांचे पेपर हातात आहेत ते लेखक, मग रिव्ह्यूअर, मग छापखाना आणि सूचीकर्ते (डीओएजेसारख्या जर्नलांच्या याद्या ठेवणारे), शेवटी सगळे. ज्यांचा पेपर चालू आहे त्या लेखकाला 'संपादक बदलले' एवढंच कळवू नका. त्याच्या पेपरचा क्रमांक, यापुढे तो कुणाकडे, आणि आधी सांगितलेली तारीख तीच आहे की बदलली, हे लिहा. तीन ओळी लागतात.

निरोपाचं संपादकीय एका पानात बसवा. नव्या संपादकाचं पहिलं संपादकीयही. 'जर्नलला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळवून देऊ' हे वाक्य लिहायचं असेल तर कसं, तेही लिहा, नाहीतर गाळा.

जुना संपादकच हाताशी नसेल तर

आजारपण, अपघात, मृत्यू. साठी ओलांडलेल्यांनी चालवलेल्या जर्नलमध्ये हे गृहीत धरायला हवं, आणि वार्धक्यावर लिहिणारे आम्ही लोकच ते धरत नाही. दर सहा महिन्यांनी तो सात कॉलमांचा ताळेबंद आणि किल्ल्यांची यादी बंद पाकिटात सचिवाकडे द्यावी. पाकीट नसेल आणि वेळ आलीच, तर घरच्यांकडे लगेच लॅपटॉप मागू नका. ओजेएसच्या अॅडमिनकडून सुरुवात करा, मग छापखाना (त्यांच्याकडे मागच्या अंकाच्या फायली असतात), मग वेबसाइटवर एक जाहीर सूचना लावा: ज्यांचे पेपर आमच्याकडे आहेत त्यांनी क्रमांक आणि शेवटचा पत्रव्यवहार पाठवावा. लेखक सगळं जपून ठेवतात.

आणि नंतर

जुन्या संपादकाला पद द्यायची घाई करू नका. 'मानद प्रमुख संपादक' अशी पाटी लावली की लेखक दोन दारं ठोठावतात आणि एकाचा नकार दुसऱ्याकडे फिरवून घेतात. वर्षभर सल्ला द्यायला हरकत नाही, विचारला तर. स्वतःचा पेपर पाठवायला मी तरी एक वर्ष थांबलो.

फोन येतच राहतात. त्यासाठी एक वाक्य पाठ करून ठेवावं: 'मी आता निर्णयात नाही, मॅडमना मेल करा, त्या उत्तर देतात.' 'मी शब्द टाकतो' एवढं मात्र म्हणू नये. सहावा कॉलम पुन्हा भरायला लागतो.

लॉगिन बंद करायची तारीख आधीच ठरलेली असते. त्या दिवशी संध्याकाळी जुन्या संपादकानं स्वतः बसून आपला जुना पासवर्ड टाकून पाहावा. माझा उघडला. अॅडमिनला फोन करावा लागला.